थोरला की धाकटा

राजारामपुरीतल्या संगणक केंद्रात एका संगणकाच्या पोटात प्रोग्रॅमनं बनवलेला दुसरा संगणक चालवून बघत होते. बाहेरच्याला थोरला म्हणत, आतल्याला धाकटा. थोरल्यावर जिल्ह्याचे दहावीचे निकाल तयार होत होते. तो थांबला तर महिनाभराचं काम पुसलं जाणार होतं. धाकट्यातलं एक काम अडकलं. ऑपरेटर पद्मावतीनं तो बंद करायचा हुकूम टाइप केला, पण दोघांचा पडदा सारखाच दिसायचा; हुकूम कुणाला जाणार ते कळेना. तिचं बोट बटणावर थबकलं. "दाब की, धाकटाच हाय," सहकारी नृसिंह म्हणाला. "आणि थोरला असला तर?" "तर उद्या जिल्ह्यातली पोरं आपल्या दारात." तिनं हुकूम पुसून यंत्राला वेळ विचारली. आतल्या धाकट्याचं घड्याळ नेहमी मागं पडायचं. पडद्यावर वेळ उमटली. दोघांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "बरोबर हाय की," नृसिंह म्हणाला. पद्मावतीनं हात मांडीखाली दाबून धरला.