आवाजाचं इंजिन

कवळीवाल्याने इलेक्ट्रिक मोटर कामाच्या टेबलावर, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत ठेवली आणि फोर-स्ट्रोक इंजिन कागदात गुंडाळायला घेतलं. दुकानदाराने दोन्ही आठवड्याच्या बोलीवर दिली होती. एक ठेवायचं, एक परत करायचं. आज सातवा दिवस होता.

विमान भिंतीला टेकून उभं होतं. पिवळंधमक, दोन मीटर पंखांचं, रिमोटवर आभाळात कोलांट्या घेणारं. दहा आठवड्यांपूर्वी त्याचं जुनं इंजिन आतून मोडलं, तेव्हापासून ते जमिनीवरच होतं. गुण बघितले तर मोटरच सरस. बटण दाबलं की चालू, ना धूर, ना पंखांवर तेलाचा चिकटा, आणि सरळ उभं चढायला मागाल तेवढा जोर. शिवाय मुकी. फोर-स्ट्रोकचं उलट. जुनं इंजिनही त्याच जातीचं. विमान चढू लागलं की त्याचा आवाज भरून यायचा, वळसा घेऊन उतरलं की सैल पडायचा. वीस वर्षं कवळीवाला डोळ्यांइतकंच कानांनी विमान उडवत आला होता. जीव फोर-स्ट्रोकवर होता. पण या खेपेला जिवाचं ऐकायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

याला कारण विमान उडवायच्या मैदानाला लागून राहणारे काका. त्यांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर दुरुस्त करायला एकच चूक उरली, ती म्हणजे कवळीवाल्याचं विमान, दर रविवारी सकाळी नऊ ते दहा. तीन वर्षांत त्यांनी त्याला तक्रारीची अकरा पत्रं धाडली. एकाही पत्रात वेलांटी चुकलेली नव्हती. गेली दोन वर्षं मात्र पत्रं थांबली होती.

"अहो, माणूस दमला म्हणून गप्प बसला," बायको म्हणायची. "त्यांच्या घरात आजारपण आहे म्हणतात. शेजाऱ्याला छळावं तरी किती?"

तिचं काही खोटं नव्हतं.

कागदाला सुतळी बांधून होते न होते तोच दार वाजलं. दारात काका उभे. कवळीवाल्याच्या मनात आलं, बारावं पत्र आलं. पण काकांचे हात रिकामे होते.

"विमान बंद का आहे?" त्यांनी बसता बसता विचारलं.

"इंजिन मोडलं होतं, काका. पण आता निश्चिंत राहा. बिनआवाजाची मोटर बसवतोय. उडतंय हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"अजिबात आवाज नाही?"

"सळसळ तेवढी. ती काही मैदानाबाहेर यायची नाही."

काकांनी टेबलावरचा एक जबडा उचलला, उलटसुलट पाहिला, परत ठेवला.

"मग मी वेळेवर आलो म्हणायचं," ते म्हणाले. "आमची ही दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. खिडकी मैदानाकडे आहे, पण पलंगावरून आभाळ दिसत नाही. नुसता आवाज येतो. विमान चढलं की तिचा डावा हात पांघरुणावरून वर जातो. उतरलं की खाली येतो. उजवा चालत नाही. आधी मी खिडकी लावून घ्यायचो. एकदा तिने लावू दिली नाही. त्या दिवसापासून पत्रं बंद केली."

कवळीवाला स्टूल ओढून समोर बसला.

"आठवणही राहिली नाही आता. वार कळत नाही. कॅलेंडर दाखवलं तर त्यातलं चित्र बघत बसते. आमची लेक परगावाहून दर रविवारी येते. गेले दहा आठवडे ती आईसमोर येऊन बसते, आणि ही तिला परक्या बाईला सांगावं तसं सांगते, माझी मुलगी रविवारी येते, विमान वाजलं की." काकांनी भिंतीजवळच्या विमानाकडे पाहिलं. "तुमचे आभार मानायला मला दोन वर्षं उशीर झालाय."

केस पिकले तरी खेळणं सुटेना, असं सगळे कवळीवाल्याला म्हणायचे. त्याने सुतळीची गाठ सोडली. फोर-स्ट्रोक कागदातून बाहेर काढलं.

"काका, याचा आवाज जुन्यापेक्षा मोठा आहे."

"किती मोठा?"

"खिडकी लावली तरी ऐकू येईल."

"हेच बसवा," काका म्हणाले.

रविवारी नऊ वाजता इंजिन तिसऱ्या झटक्याला पेटलं. विमान वर गेलं. कवळीवाला एरवी बघणाऱ्यांसाठी उडवायचा. आज त्याने न बघणाऱ्या माणसासाठी उडवलं. चढ लांबवले, उतार सावकाश सोडले, आणि प्रत्येक कोलांटीनंतर थोडा श्वास घेऊ दिला. टाकी संपत आली तेव्हा त्याने विमान अलगद गवतावर टेकवलं आणि फडकं घेऊन पंखांवरचं तेल पुसायला बसला.

मैदान ओलांडून एक चाळिशीतली बाई लगबगीने आली. तिला धाप लागली होती.

"मी त्या घरातली. काकांची मुलगी," ती म्हणाली. मग त्याच्या हातातलं फडकं घेऊन तीच पंख पुसू लागली. एक पंख पुसून झाला.

"आज आई मला रागावली," ती म्हणाली. "म्हणाली, विमान केव्हाचं वाजतंय, आणि तू आत्ता येतेस होय?"