दाट शक्यता
उर्मिला वेलिंग्टनला न्यूझीलंडच्या गुप्तचर खात्यात अहवाल लिहायची. तिने लिहिलं होतं, ‘आपल्या दूतावासावर हल्ल्याची दाट शक्यता.’ ते वाचून मंत्री म्हणाले, तिथली माणसं परत आणा. सचिव म्हणाल्या, घाई नको. वाद वाढला, तेव्हा उर्मिलाला बोलावलं. तिने दोघांपुढे कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या. “दाट शक्यता म्हणजे शंभरात किती? लिहा.” मंत्र्यांनी नव्वद लिहिलं, सचिवांनी चाळीस. “आणि तुमच्या मनात?” मंत्र्यांनी विचारलं. “सत्तर. पण ही बातमी देणारा माणूस एकच आहे, म्हणून खात्री कमी.” मंत्री हसले. “हे अहवालात लिहा ना! आणि यापुढे पाठवू नका, स्वतः घेऊन या.” दूतावासातल्या लोकांच्या फक्त कुटुंबांना परत आणायचं ठरलं. बाहेर येताच तिने नवऱ्याला फोन लावला. “संग्राम, आज छान झालं.” “काय झालं?” “सांगता येणार नाही रे,” ती खुशीत म्हणाली, “पण माझं म्हणणं पोचलं.”