उजव्या डोळ्यातली दोन मिनिटं

देशोदेशी फिरणारा छोट्या व्हिडिओंचा महोत्सव मिरजेत आला आणि तन्वीआजी पडद्यावर स्वतःलाच बघून चपापल्या.

पोर्तुगालच्या इनेशला दानात मिळालेल्या यांत्रिक डोळ्यात आधीच्या माणसाचं दोन मिनिटांचं बघणं पुसायचं राहून गेलं होतं. तेच ती गावोगाव दाखवत होती. तो डोळा आजींच्या यजमानांचा. ते गेल्यावर दुःखात आजीच पुसायचं विसरल्या होत्या.

पडद्यावर खाली पेपरची कड होती आणि तिच्यावरून शेंगा फोडणाऱ्या आजी दिसत होत्या. त्यांच्यावरून नजर ढळतच नव्हती. "पेपरातून डोकं काढा जरा," म्हणून चाळीस वर्षं करवादल्या होत्या त्या!

खेळ संपल्यावर त्यांनी इनेशचा चेहरा ओंजळीत धरला. "उपकार झाले गं, बाई." मग तिच्या उजव्या डोळ्यात बघत म्हणाल्या, "आणि अहो, तुम्ही? एकदा तरी सांगायचंत!"