नव्या पिकअपचे गुण

ऋषीची नवी पिकअप अख्ख्या बोरी गावानं पाहून झाली होती, तरी भाडं ठरवायला आलेल्या प्रत्येकाला तिचे गुण ऐकावेच लागत. "दीड टन टाका, घाटात दम लागत न्हाई. बैलगाडी वळंल तिथं वळती. मागं ताडपत्रीचा हूड हाये, मेंढरांना ऊन लागायचं न्हाई."

मेंढपाळ यमाजीनं एवढंच विचारलं, "मेंढरं चढतील ना?"

चढेनात. तोड लागलेल्या उसाला खेटून गाडी रात्रभर उभी होती, मागचा फाळका उघडाच होता, आणि कळप पाय रोवून मागं सरत होता.

"आबा, तुमची मेंढरं बिबट्याच्या रानात चरत्यात, आन माझ्या गाडीला भेत्यात व्हय!" ऋषी हसला.

यमाजीनं नेहमीचा उपाय केला. सुनेनं कोकरू घेऊन आधी आत जायचं, मागोमाग त्याची आई चढते, मग सगळा कळप. आशा कोकरू छातीशी धरून हुडाखालच्या अंधारात शिरली. कोकराची आई मात्र जागची हलली नाही.



आतून आशानं विचारलं, "ऋषीभाऊ, कोपऱ्यात आधीच कुणाचं जनावर बसलंय वो?"