नाव घ्यायची तालीम

"हिज नेम इज," एवढं म्हणून बायनाबाई पुन्हा थांबल्या आणि पदरानं तोंड पुसायला लागल्या.

"पुढं?" कावेरीनं विचारलं.

"पुढचं तुला म्हाईत हाय की."

"मला माहीत असून काय उपयोग? सोमवारी मुंबईत काचेपलीकडचा साहेब तुला विचारणार आहे. मला आत सोडत नाहीत."

झरी गावच्या घरात मायलेकी बाजेवर समोरासमोर बसल्या होत्या. दुपारची वेळ होती, वर पंखा कुरकुरत होता. आदिनाथ, बायनाबाईंचा मुलगा, अमेरिकेत होता. पोळ्याच्या आधी वडील गेले तेव्हा तो आला, तेरावं करून परत गेला. आता आईनं थोडे दिवस आपल्याकडं यावं, असं त्याच्या मनात होतं. त्यासाठी व्हिसाची मुलाखत द्यायची होती. तिथं मराठी बोलणारा माणूस मिळतो, हेही त्यानं कळवलं होतं. पण बायनाबाई ऐकेनात. नात ईश्वरी इंग्रजीशिवाय बोलत नव्हती.

"नातीसंगं बोलायचंच हाय, तर सायबापासून सुरू करू," त्या म्हणाल्या होत्या. म्हणून परभणीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी कावेरी रजा काढून माहेरी आली होती.

शाळेत ती शिकवायची तसंच तिनं इथं मांडलं. वर्गात ती मुलांच्या वस्तू गोळा करून टेबलावर ठेवायची आणि कोणती वस्तू कुणाची, ते विचारायची. इथं हाताला लागलं ते तिनं बाजेवर ठेवलं. काठी, चष्मा, अडकित्ता आणि बायनाबाईंची कापडी पिशवी. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, वस्तू अजून कुणी जागच्या हलवल्या नव्हत्या, त्यामुळं हाताला त्याच जास्त लागल्या.

पहिल्या दिवशी बायनाबाई "हिम काठी" म्हणाल्या. मग "गिव्ह ही चहा" म्हणाल्या. इंग्रजीत 'मी' म्हणजे 'मला', हे कळल्यावर तर त्यांनी कपाळाला हात लावला. "लय घोळ हाय गं! मी कुठं आन मला कुठं!" पण दुसऱ्या दिवसापासून 'हिज' आणि 'हिम' त्यांच्या तोंडात असे बसले, की आठवीच्या मुलांनी बघत राहावं. काठी हिज. चष्मा हिज. आय गेव्ह हिम टी.

कावेरीला आधी नवल वाटलं, मग वाटलं नाही. आईनं सगळा संसार याच शब्दांवर केला होता. त्यांचं जेवण झालं. त्यांना विचारा. हे रानात गेलेत. नाव म्हणून कधी घेतलं नाही. दवाखान्यात कुणी मालकाचं नाव विचारलं की त्या शेजारच्या बाईकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "सांगा की वो तुमी." लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा रडायला लागल्या आणि सुटल्या, हे दादाच हसून सांगायचे.

"नाव घेतल्यानं काय होतं, आई?"

"धन्याचं आयुष्य कमी व्हतं. माझ्या मायनं सांगितल्तं."

"अगं पण आता..." कावेरी थांबली.

"आता कमी व्हायला काय राह्यलंय, असंच ना?" बायनाबाईंनी तिचं वाक्य शांतपणे पुरं केलं. "म्हाईत हाय मला. पण इतकी वर्सं जपलं. आता घेतलं, की मीच त्यांला गेले म्हणल्यावानी व्हतंय."

कावेरीनं बाजेवरची काठी उगीच सरळ केली. दादा गेल्यापासून सगळं तिनंच निस्तरलं होतं. ग्रामपंचायतीचा दाखला, बँक, सातबाऱ्यावरची वारस नोंद. प्रत्येक कागदावर तिनं त्यांचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं होतं. पोरगी खंबीर आहे, असं भावकीत सगळे म्हणत होते.

"तिथं घ्यावंच लागेल," ती वर्गातल्या आवाजात म्हणाली. "चल, पुन्हा. व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

"मलाच कामून विचारायलीस सारखं? लय मास्तरीण झालीस. सरक तिकडं, आता मी सायब व्हते."

बायनाबाईंनी बाजेवरचा चष्मा उचलला, नाकावर चढवला आणि ताठ बसल्या. चष्मा मोठा होत होता. त्यांनी तो एका बोटानं वर सारला, अगदी दादा सारायचे तसा.

"व्हॉट इज युवर फादर नेम?"

"फादर्स," कावेरीनं सुधारलं. मग उत्तर दिलं, "हिज नेम इज..."

पुढचा शब्द आला नाही.

तिनं पुन्हा सुरू केलं. "हिज नेम..." हातात अडकित्ता होता. तो तिनं उघडला, मिटला, पुन्हा उघडला. इतक्या कागदांवर तिनं नाव लिहिलं होतं, पण तोंडानं एकदाही उच्चारलं नव्हतं. बँकेत, कचेरीत खिडकीतल्या माणसानं विचारलं की ती कागद पुढं सरकवायची आणि बोट ठेवायची.

काचांमागं आईचे डोळे मोठे दिसत होते.

बायनाबाईंनी चष्मा काढून बाजेवर ठेवला. डोक्यावरचा पदर नीट पुढं ओढला. लेकीच्या हातातला अडकित्ता सोडवून घेतला आणि तो हात आपल्या हातात धरला.

"अप्पाराव," त्या म्हणाल्या. "हिज नेम इज अप्पाराव. म्हण बाई, माझ्यामागं म्हण."