रिकामं पॅकेज

कारखान्यातला मालाचा ट्रक आज सुटला तर नीलकंठ सरांना काय काय मिळणार होतं, ते त्यांनी पेणहून रोह्याला येताना एसटीतच मनात मांडून ठेवलं होतं. कारखान्याच्या डिस्पॅचचं काम मिळणार. त्याच्या शेपटाला धरून ऑफिसातल्या लोकांना कॉम्प्युटर शिकवायचं कामही येणार. रामवाडीतल्या त्यांच्या क्लासच्या पाटीवर ‘लिनक्स’ या फुकटात मिळणाऱ्या कॉम्प्युटर-प्रणालीचं नाव चढणार, जे उभ्या पेणमध्ये दुसऱ्या कुणाच्या पाटीवर नव्हतं. आणि ‘मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर कुणी कारखाना चालवतं का?’ म्हणणाऱ्या मेव्हण्याचं तोंड बंद होणार. हे बहुधा सगळ्यात वर होतं.

डॅनियलला मिळायचं ते एवढंच : पाच वाजता सुट्टी.

क्लासात शिकवायचा डॅनियल, बाहेरची कामं करायचा डॅनियल. सर पाटी सांभाळायचे. आज डॅनियलच्या सॅम्युएलकाकांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं घर रोह्यातच. गेलेल्या माणसासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची तर आपल्यातले दहा पुरुष हजर लागतात, आणि या भागातले बेने इस्रायल ज्यू एकेक करून विमानात बसल्यापासून दहा डोकी जमवणं म्हणजे चार गावं पालथी घालणं. पनवेलहून दोघे आले होते, ते संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. त्यांना धरून नऊ झाले. दहावा डॅनियल. पुढच्या आठवड्यात हन्नाकाकीही घर विकून लेकाकडे इस्रायलला निघाली होती. म्हणजे या घरातली ही शेवटचीच प्रार्थना.

चार वाजून गेले तेव्हा सॅम्युएलकाकांचे भाऊ, एलियाहकाका, स्वतःच डिस्पॅचच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“निघतोस ना रे?”

“निघतो काका. पण हे मशीन ऐकत नाय.”

“काय मागतंय?”

डॅनियलने कपाळ चोळलं. ट्रकात चढायच्या रसायनाच्या ड्रमवर चिकटवायची लेबलं छापणारा एक चिमुकला प्रोग्राम बसवायचा होता. तो म्हणे, आधी मला पडद्यावर खिडक्या दाखवणारं पॅकेज, म्हणजे आणखी एक प्रोग्राम, हवा. खिडक्यांचं म्हणे, मला माउसचं हवं. शिवाय छापायच्या अक्षरांचं हवंच. कारखान्याने दिलेलं मशीन जुनं, त्याची डिस्क एवढीशी. लेबल छापायला माउस कशाला, हे त्याला कोण विचारणार?

“एका पाहुण्याला बोलावलं, तो सासुरवाडी घेऊन आला,” एलियाहकाका म्हणाले.

“तसंच.”

“मग आता?”

“रिकामी पॅकेजं बनवतो. वर नाव बरोब्बर तेच, आत काय नाय. हे नुसतं नाव बघतं.”

“आणि चालतं?”

“ज्याची खरी गरज नसते, तिथे चालतं.”

खिडक्यांचं पॅकेज त्याने रिकामं केलं. माउसचं केलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. प्रिंटरला स्वतःची अक्षरं असतातच, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि अक्षरांचंही रिकामंच केलं.

मशीन काहीही न विचारता राजी झालं. प्रिंटर करकरला. लेबल बाहेर आलं. चौकट सुरेख. चौकटीत काही नाही. ना मालाचं नाव, ना धोक्याची सूचना.

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

“खरी अक्षरं टाकायला किती वेळ?” शेजारी उभ्या असलेल्या सरांनी विचारलं.

“तासाच्या वर. आधी दुसरं काहीतरी काढून जागा करायला लागेल.”

“मग बस.”

“सर, तुम्ही पाच म्हणाला होता.”

“म्हणालो होतो ना! लेबलं आली असती तर कोण अडवणार होतं?” आणि सर एलियाहकाकांकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला. “काका, तुमचंही अडायला नको. दहावा मी उभा राहतो. डोक्यावर टोपी घालतो, तुम्ही खुणावाल तिथे आमीन म्हणतो. शेजारधर्म म्हणून एवढं तर करीन.”

हे ते मनापासून म्हणाले. सरांचा हाच घोटाळा होता. ते पुष्कळदा मनापासून म्हणायचे.

“या की सर, घर तुमचंच हाय,” एलियाहकाका म्हणाले. “पण तुम्ही उभे राहिलात तरी आम्ही नऊच.”

ते एका पालथ्या ड्रमवर बसून राहिले. डॅनियलच्या दोनदा मनात आलं, उठावं. पण क्लासात शिकवायला सरांना उद्या दुसरा माणूस मिळाला असता. डॅनियलला दुसरा क्लास मिळाला नसता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. स्टेशनाकडून पनवेलच्या गाडीचा भोंगा ऐकू आला तेव्हा एलियाहकाका गुडघ्यांवर हात टेकून उठले. “ये सावकाश,” म्हणाले आणि गेले.

त्यानंतर थोड्याच वेळात लेबलं आली. अक्षरं ठळक, वाकडंतिकडं काही नाही. ड्रम चढले, ट्रक सुटला. मॅनेजरने सरांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. सरांनी डॅनियलची पाठ थोपटली, तीही मॅनेजरच्या समोर. कुणाचं काही गेलं, असं त्या फाटकाच्या आत कुणालाच वाटलं नसतं.

डॅनियल पोचला तेव्हा हन्नाकाकीच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या अजून ओळीने मांडलेल्या होत्या. दिवा लागलेला. टेबलावर प्रार्थनेनंतर वाटायच्या मलिद्याचं मोठं ताट : गोड पोहे, वर खोबरं, कडेने केळी आणि चिकू.

“काकी, ते मशीन...”

“हात धू आधी. दमलायस.”

तो हात धुऊन आला. ताटाकडे बघत म्हणाला, “आईसाठी थोडा मलिदा नेऊ?”

“थोडा कशाला रे,” हन्नाकाकी डबा पुसत म्हणाली, “सगळाच हाय. कद्दिश नाय झाली, तर हात कोण लावणार?”