हिरवं नाव

"मी इथून हलणार नाही, नेरी. पाण्याच्या टाक्या भरलेल्या आहेत, पंप तयार आहे. तू पोरीला पाज आणि गप बस."

निळ्या पडद्यावर बाबाचं उत्तर आलं. नेरिडानं ते दोनदा वाचलं.

दुपारचे तीन वाजले होते आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते. आकाश विटकरी झालं होतं. तिच्या मांडीवर आठ महिन्यांची विनी होती. पुढ्यात, जेवणाच्या टेबलावर, पावाच्या डब्यासारखा दिसणारा चाळीस वर्षांचा जुना कॉम्प्युटर. साठ किलोमीटरवर, डोंगरातल्या शेडमध्ये, तिचा बाप क्लाइव्ह या कॉम्प्युटरच्या जुळ्या भावासमोर बसला होता. आणि डोंगर पेटला होता.

तिथला मोबाइलचा टॉवर सकाळीच जळून गेला. उरला होता तो शेडच्या छतावरच्या उपग्रह-ताटलीवर चालणारा हा म्हाताऱ्यांचा खेळ. क्लाइव्हनं आणि त्याच्या दोस्तांनी असल्या जुन्या यंत्रांच्या पाठीत वायफायची एकेक डबी खोचली होती, आणि ती यंत्रं एकमेकांशी गप्पा मारू लागली होती. बाबानं एक तिच्या घरी आणून ठेवलं, तेव्हा ती हसली होती. "बैलगाडीला पंख लावलेस, बाबा." तो म्हणाला होता, "हस. पण संध्याकाळी अर्धा तास येत जा." आई गेल्यापासून ती रोज येत होती.

जो हजर असेल त्याचं नाव पडद्याच्या वरच्या ओळीत हिरवं दिसे. आज तीनच नावं होती. ती, क्लाइव्ह, आणि टास्मानियातला नेव्ह, ज्यानं या डब्या जोडून दिल्या होत्या.

तिनं एका हातानं लिहिलं, "तुझ्या शेजारचे सगळे घरं सोडून गेले. खालचा रस्ता अजून उघडा आहे. बाबा, नीघ."

"एकसष्ट यंत्रं आहेत शेडमध्ये. त्यांना कोण बघणार?"

नेव्ह मध्ये पडला. "त्यातली निम्मी मीच तुझ्या गळ्यात मारलीत, म्हाताऱ्या. आणखी मारीन. नीघ."

"तू आधी माझा मल्टिमीटर परत दे."

एरवी ती हसली असती. तिला बाबा पुरता ठाऊक होता. लहानपणी समुद्रावर जायला निघाले की अर्ध्या वाटेवरून तो गाडी वळवायचा, शेडमधलं एखादं बटण चालू राहिलं असेल म्हणून. चालू यंत्र मागे ठेवून माणसानं उंबरा ओलांडायचा नाही, हा त्याचा धर्म. घरी असला की मात्र हे गप्पांचं यंत्र दिवसभर चालूच. जेवायला उठला तरी बंद करायचा नाही. नाव आपलं हिरवंच.

तीन वाजून एकोणीस मिनिटांनी त्यानं लिहिलं, "आवाज येतोय. आगगाडीसारखा."

मग काहीच नाही.

"बाबा?"

"बाबा, लिही काहीतरी."

नाव हिरवं होतं. तिनं त्या हिरव्या अक्षरांवर नजर रोवली. आहे तोवर शेड आहे, शेड आहे तोवर बाबा आहे. पापणी लवली तर विझेल, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं होतं. डोळ्यांना पाणी आलं तरी ती हलली नाही.

विनीला एवढा वेळ कुणी स्थिर धरलेलं आवडत नसे. ती पुढे झेपावली आणि तिचे दोन्ही तळवे कीबोर्डवर पडले. एकदा, दोनदा. नेरिडानं तिला मागे ओढलं, तोवर उजव्या कडेचं, ओळ पाठवायचं मोठं बटण दाबलं गेलं होतं. तिच्या नावापुढे दोन ओळी भरून अर्थहीन अक्षरं डोंगराकडे निघून गेली.

"ते मी नाही, विनीनं," एवढं ती लिहितेय तोच वरच्या ओळीतलं हिरवं नाव विझलं.

तिच्या छातीतून दूध सुटलं आणि सदरा भिजला.

नेव्हची ओळ आली. "मलाही दिसत नाहीये तो." मग थोड्या वेळानं, "पोरी, घरात एकटीच आहेस का?"

त्या मायेच्या प्रश्नातून नेव्हनं काय धरून चाललंय ते तिला कळलं. बोटं चुकीच्या कळांवर पडत होती. तिनं शेगडीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, उगाच, कुठेतरी बघायचं म्हणून. तीन बावीस.

तीन बावीस.

बाबाची शेवटची ओळ येऊन तीनच मिनिटं झाली होती. मागच्या महिन्यात वादळात नेव्हच्या घरची वीज गेली होती. तो बिचारा मेणबत्ती शोधत होता आणि इकडे त्याचं नाव हिरवंच. सगळे त्याच्याशी बोलत बसले होते. नेव्हचं भूत म्हणून आठवडाभर त्याची टिंगल चालली होती.

"नेव्ह," तिनं सावकाश, एकेक अक्षर बघून लिहिलं, "तुझी वीज गेली, तेव्हा तुझं नाव किती वेळ राहिलं होतं?"

तिनं विनीचे दोन्ही तळवे आपल्या मुठीत धरून ठेवले.

"पाव तास. वीज तुटली की सर्व्हरला कळतच नाही, तो वाट बघत बसतो. ताबडतोब विझतं ते, माणसानं आपल्या हातानं बाहेर पडायचं बटण दाबलं तरच."

आणि घरी असेपर्यंत बाबा ते बटण कधीच दाबत नसे.

खिडकीबाहेर वाळत घातलेल्या लंगोटांवर राख पडत होती. खालचा रस्ता अजून उघडा असेल, तर बाबाला इथवर यायला दीड तास. ज्या नावासाठी तिनं पापणी लवू दिली नव्हती, त्याच्या रिकाम्या जागेकडे तिनं एकदा पाहिलं. मग विनीला कडेवर घेतलं आणि बाबाचं अंथरूण घालायला उठली.